जुन्या घराचं अ‍ॅस्बेस्टॉसवालं क्लॅडिंग बदलताना

बाहेरच्या भिंतींवर सिमेंटचे पातळ पत्रे ठोकलेलं जुनं घर आहे आणि आता ते काढून नवीन क्लॅडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) लावायचंय, तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. धड असलेला, रंग टिकून असलेला पत्रा भिंतीवर गप्प असतो, त्रास सुरू होतो तो आपण हातोडी घेऊन त्याच्या मागे लागलो की. या कामातला बहुतेक सगळा धोका हा काढण्याच्या दिवसाचा धोका आहे आणि तो कमी ठेवणं बरंचसं आपल्या हातात आहे, म्हणून खाली नव्या क्लॅडिंगपेक्षा जुनं उतरवण्याबद्दलच जास्त लिहिलंय.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारं खनिजच, फक्त ते उभं उभं चिरत जातं, एका तंतूतून आणखी बारीक तंतू, त्यातून आणखी बारीक, शेवटी डोळ्याला दिसणारच नाही इतके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात लुडविग हाचेकने सिमेंटमध्ये हे तंतू घालून पातळ पत्रे काढायची पद्धत शोधली आणि पुढे जगभर घरांच्या भिंती, छपरं, वळचणी याच मालाने झाकल्या गेल्या, कारण जळत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही आणि स्वस्त. भिंतीच्या पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट, म्हणजे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. पत्रा तोडला, कापला, घासला, ड्रिल मारलं की ते सुटतात आणि हवेत तासन्‌तास तरंगतात. श्वासातून फुप्फुसात गेलेले तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसिस, (फुप्फुसं कडक होत जाणं), फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) हे आजार त्यातून होतात आणि ते दिसायला २० ते ४० वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो, त्यामुळे काम करताना खोकला आला नाही, काही झालं नाही, याला काडीचाही अर्थ नाही. सिगारेट ओढणाऱ्यांना तर दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो. पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे सेफ, निळं आणि तपकिरीच वाईट, असं बरेच लोक ठासून सांगतात. निळं-तपकिरी जास्त घातक हे खरं, पण कॅन्सर तिन्हींमुळे होतो, यात आता वाद राहिलेला नाही.

आहे की नाही ते आधी ठरवा

नुसतं बघून सांगता येत नाही. अंदाज मात्र बांधता येतो. घर कधीचं आहे ते बघा. ब्रिटनमध्ये निळं आणि तपकिरी १९८५ ला बंद झालं, पांढरं १९९९ ला, ऑस्ट्रेलियात पूर्ण बंदी २००३ च्या शेवटी आली, युरोपियन युनियनमध्ये २००५, कॅनडात २०१८ आणि अमेरिकेने पांढऱ्यावर बंदीचा नियम केला तो थेट २०२४ मध्ये. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे अजून बनतात, म्हणजे तिथे घराच्या वयावरून काहीच सुटका नाही. पत्र्याच्या जोडावर सिमेंटच्याच किंवा लाकडाच्या पट्ट्या मारलेल्या असतील, मागच्या बाजूला बारीक खळग्यांची नक्षी असेल, शिंगल म्हणजे कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या छोट्या फळ्या असून खालची कड नागमोडी असेल, तुटलेल्या कडेला केसासारखं काही दिसत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. पण अ‍ॅस्बेस्टॉस न घातलेले नवीन फायबर सिमेंटचे पत्रेही असेच दिसतात, म्हणून शेवटी लॅब.

सॅम्पल पाठवायचं तर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा बास. आधीच तुटलेली कड किंवा कोपरा बघा, मास्क आणि ग्लोव्ह्ज घाला, ती जागा साबणाच्या पाण्याने भिजवा, पकडीने हळूच तुकडा मोडा, झिपच्या पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर कुठल्या भिंतीचा ते लिहा. तुटलेल्या जागेवर रंगाचा हात मारा किंवा टेप लावा, पकड ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत. ज्या देशात घरमालकाने स्वतः सॅम्पल काढणं चालत नाही तिथे सर्व्हे करणाऱ्याला बोलवा. लॅबवाले पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपखाली बघून प्रकारासकट सांगतात. एकाच भिंतीचा तुकडा पाठवून सगळ्या घराचा निकाल लावू नका, कारण जुन्या घरांना मधेच खोली वाढवलेली असते आणि तिथला माल वेगळा असतो. आणि टेस्ट करायचीच नसेल तर सरळ अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच काम करा, तेही चालतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. वळचणीखालचे बोर्ड, पोर्चचं छत, गॅरेजच्या आतली भिंत इथे कधीकधी इन्सुलेटिंग बोर्ड (उष्णता आणि आग अडवायला लावलेला) असतो. वरून रंग मारलेला असेल तर सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो, पण मऊ असतो, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस २० ते ४५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, तेही बऱ्याचदा तपकिरी. तो बोर्ड निघाला तर हा लेख तिथे थांबला असं समजा, ते काम लायसन्सवाल्या लोकांचंच.

काढायलाच हवं का?

हा प्रश्न लोक स्वतःला विचारतच नाहीत. पत्रे धड आहेत, तडे नाहीत, मागे ओल नाही, भिंत फोडायची नाही, तर धूळ न करता हलक्या हाताने ओल्या कपड्याने पुसून चांगला बाहेरचा रंग मारा आणि राहू द्या, अजून कित्येक वर्षं निघतात. फक्त रंगाच्या आधी पॉलिश पेपर नको, तारेचा ब्रश नको, आणि प्रेशर वॉशर तर मुळीच नको. प्रेशर वॉशर पत्र्याचा वरचा थर खरवडून अंगणभर, शेजाऱ्याकडे, गटारात, सगळीकडे उडवतो आणि मग साफसफाईचा खर्च क्लॅडिंगच्या वर जातो.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्यावरच नवीन लावणं. काही ठिकाणी हे चालतं आणि कॉन्ट्रॅक्टर आनंदाने सुचवतातही, कारण कचऱ्याची कटकट वाचते. मला हा प्रकार फारसा आवडत नाही. नवीन पट्ट्या ठोकायला जुन्या पत्र्यातून शेकडो भोकं पाडावी लागतात, मागे लाकूड कुजलंय का ते कधीच कळत नाही, खिडक्यांच्या चौकटी आत जातात आणि पाणी तिथेच मुरतं, आणि पुढे कोणी बाहेरून भोक पाडायला गेला की त्याला पत्ताच नसतो की आत काय आहे.

काढायचं ते कधी, तर पत्रे मोडायला लागलेत, मागे ओल आहे, इन्सुलेशन घालायचंय, खिडक्या बदलायच्यात किंवा घर वाढवायचंय तेव्हा. आणि काढायचं तर पूर्ण भिंत काढा, अर्धी ठेवून अर्धी काढण्यात जोडावर उगाच कापाकापी होते.

कोण काढणार

नियम देशोदेशी, कधी शहरागणिक वेगळे आहेत आणि ते काम सुरू करायच्या आधी स्थानिक ऑफिसात विचारून घ्यायचे. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत घट्ट बांधलेलं अ‍ॅस्बेस्टॉस १० चौरस मीटरपर्यंत लायसन्सशिवाय काढता येतं, म्हणजे एखादी छोटी भिंत, अख्खं घर नाही. ब्रिटनमध्ये सिमेंटच्या पत्र्यांच्या कामाला सहसा लायसन्स लागत नाही, पण कामगारांना ट्रेनिंग हवंच. काही ठिकाणी काम सुरू करण्याआधी नोटीस द्यावी लागते. माझं सरळ मत सांगतो, एकमजली घर, थोडे पत्रे, खिळे साधे, मदतीला एक समजूतदार माणूस आणि नियमात बसतंय, तरच स्वतः करा. दोन मजली असेल, परांची बांधावी लागणार असेल, पत्रे आधीच फुटके असतील तर माणसं लावा आणि तुम्ही फक्त नीट लक्ष ठेवा. खालचं वाचलंत की त्यांचं काय चुकतंय ते लगेच कळेल. कॉन्ट्रॅक्टर ग्राइंडर घेऊन आला किंवा पत्रे वरून खाली टाकायला लागला तर काम तिथल्या तिथे थांबवा, वाईट दिसलं तरी.

तयारी

तयारीला काढण्याइतकाच वेळ जातो आणि जाऊ द्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, खिडक्या बंद, कपडे वाळत घालू नका, गाडी लांब लावा. त्या दिवशी मुलं आणि पाळीव प्राणी घरात नकोतच. आपल्या खिडक्या-दारं आणि भिंतीतले व्हेंट आतून-बाहेरून प्लास्टिक आणि टेपने सील करा, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद. बाहेरचे दिवे, प्लग, मीटर यांची लाइन इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्या, कारण आपण पाणी मारणार आहोत. जुन्या मीटरच्या मागचा काळा बोर्डही काही घरांत अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो, त्याला हात लावू नका.

मग भिंतीच्या कडेची जमीन बघा. झाडंझुडपं छाटा, कुंड्या हलवा आणि मातीत आधीपासून पडलेले पत्र्याचे तुकडे ओले करून हाताने वेचून घ्या. हे प्लास्टिक अंथरायच्या आधी करायचं, नाहीतर नंतर नवीन कुठले आणि जुने कुठले काही कळत नाही. जुने मिस्त्री उरलेले तुकडे भिंतीच्या पायाशीच पुरून टाकायचे, म्हणजे ही भानगड बऱ्याच घरांत निघते. त्यावर ०.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक भिंतीपासून दोन-तीन मीटर बाहेरपर्यंत अंथरा, भिंतीच्या पायाशी टेपने चिकटवा, कडांवर वजन ठेवा. पट्टी बांधून जागा अडवा.

अंगात काय घालायचं तर टोपीवाला फेकून द्यायचा कव्हरॉल, टाइप ५ चा (बारीक कोरडी धूळ अडवणारा), एक साइज मोठाच घ्या कारण वाकलं की पाठीत फाटतो. मनगटाला ग्लोव्ह्जवर टेप. लेसवाले बूट नकोत, लेसमध्ये धूळ अडकते, गमबूट बरे, ते धुता येतात, आणि कव्हरॉलचे पाय बुटाच्या बाहेरून, आत खोचून नाही. मास्कबद्दल कंजूषपणा करू नका. कापडी आणि सर्जिकल मास्कचा इथे काही उपयोग नाही, एन९५ वरही हे काम करू नका, एफएफपी३ किंवा रबरी हाफ-फेस मास्क आणि त्याला पी१०० किंवा पी३ दर्जाचा फिल्टर. आणि दाढी काढा! दाढी असली की मास्क चेहऱ्याला चिकटत नाही आणि सगळी हवा बाजूने आत येते, फिल्टर कितीही महागाचा असो.

दिवस निवडताना वारा बघा. जोराच्या वाऱ्यात काम नाही, पावसात नाही, भर उन्हातही नाही, कारण प्लास्टिकच्या कव्हरॉलमध्ये माणूस उकडून निघतो आणि मग घाई करतो, मास्क खाली ओढतो. एका वेळी एकच भिंत, आणि ती त्याच दिवशी झाकता येईल एवढीच.

पत्रे उतरवणं

हत्यारं हातचीच. चपटी पहार, पकड, खिळे कापायचा कटर, हातोडी अगदी लागलीच तर, एक धारदार चाकू आणि पाठीवरचा किंवा हातपंपाचा फवारा. फवाऱ्यात पाणी आणि थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण, त्याने पाणी पत्र्यावरून नुसतं घसरून न जाता मुरतं. धार बारीक, धुक्यासारखी. पाइपचं जोरदार पाणी नको. पत्रा ओला हवा, जमिनीवर तळं नको, कारण ते पाणी प्लास्टिकवरून मातीत गेलं की तंतूही त्याच्याबरोबर गेले. रंगवलेल्या बाजूने पाणी आत शिरत नाही, त्यामुळे कडा, जोड, खिळ्यांची भोकं आणि पत्रा सुटला की त्याची मागची बाजू, इथे मारत राहायचं. काम चालू असताना दुसऱ्या माणसाचं मुख्य काम हेच, फवारा धरणं.

जोडावरच्या पट्ट्या आधी काढा. कडेला जुना सीलंट किंवा रंगाने जोड चिकटलेला असेल तर चाकूने चीर द्या, नाहीतर पत्रा ओढताना कोपरा तुटतो. मग जो माल शेवटी बसवला असेल तो आधी निघतो, म्हणजे बहुतेक वेळा वरून खाली. खिळ्याची जागा ओली करून पहारेचं टोक डोक्याच्या कडेखाली घाला, डोकं किंचित वर आलं की पकडीने ओढा नाहीतर कटरने डोकंच उडवा आणि पत्रा खिळ्यावरून सरकवून काढा. पहार पत्र्यावर टेकवून जोर द्यायचा नाही, मधे लाकडाची पातळ पट्टी ठेवा. स्क्रू असतील तर डोक्यावर शेव्हिंग फोम किंवा ओली पेस्ट थापा आणि हळू फिरवा, धूळ त्यात अडकते. खालच्या कडेला खिळे असलेल्या छोट्या शिंगल वरच्या रांगेखाली अडकलेल्या असतात, खालचे खिळे काढले की त्या खाली सरकवायच्या, आपल्याकडे उपसायच्या नाहीत.

मोठ्या पत्र्याचे शेवटचे दोन-चार खिळे राहिले की दोघांनी धरायचं. ६ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साधारण १० किलो भरतो, म्हणजे पूर्ण उंचीचा पत्रा एकट्याने उतरवायच्या भरीस पडू नका, तो मधेच वाकून मोडतो. खाली हातातून हातात द्यायचा, टाकायचा नाही, घसरगुंडीवरून सोडायचा नाही, पिशवीत बसावा म्हणून मोडायचा नाही. चुकून तुटला तर थांबा, फवारा मारा, तुकडे वेचा, मग पुढे. वेग कमी झाला तर होऊ द्या.

खाली आधीच दोन थर जाड प्लास्टिक पसरून ठेवा, ओला पत्रा त्यावर, थप्पी दोघांना उचलता येईल एवढीच, मग गुंडाळून सगळीकडून टेप आणि दुसरा थर वेगळा. बाहेर मोठ्या अक्षरात अ‍ॅस्बेस्टॉस लिहा. छोटे तुकडे, खिळे, फडकी, प्लास्टिक, कव्हरॉल, सगळं जाड पिशवीत, पिशवीची मान पिळून दुमडून टेप, मग दुसऱ्या पिशवीत. पिशवी दाबून हवा काढू नका, ती हवा तोंडावर येते. हा माल घरच्या कचऱ्यात जात नाही, जाळायचा नाही, अंगणात पुरायचा नाही, आणि चांगले पत्रे आहेत म्हणून कोणाला शेडसाठी देऊन टाकायचे नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉस घेणारी ठराविक ठिकाणं असतात, तिथे आधी वेळ ठरवून, पावती घेऊन.

भिंतीवरून उतरल्यावर

पत्रे गेले की उघडी चौकट दिसते आणि कडेवर, खाचेत धूळ बसलेली असते. झाडू नाही, ब्लोअर नाही, घरचा व्हॅक्यूम तर नाहीच, तो तंतू मागून बाहेर सोडतो. एच क्लासचा हेपा व्हॅक्यूम (घातक धुळीसाठीच बनवलेला) भाड्याने आणा किंवा ओल्या फडक्याने पुसा, फडक्याची एक घडी एकदाच वापरायची, मग फडकं पिशवीत. मागचा काळा डांबरी कागद, जुनी पुट्टी यातही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, शंका असेल तर तेही त्याच पद्धतीने. भिंतीच्या पोकळीत दाणेदार, चमकणारं हलकं इन्सुलेशन दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज असू शकतं आणि त्यातही अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असू शकतं, थांबा आणि टेस्ट करा. जमिनीवरचं प्लास्टिक हलकं फवारून आतल्या बाजूला गुंडाळत आणा.

कपडे उतरवायचा क्रम महत्त्वाचा. मास्क तोंडावर तसाच ठेवून आधी बूट आणि कव्हरॉल ओल्या फडक्याने पुसायचे, कव्हरॉल उलटा करत खाली गुंडाळत काढायचा म्हणजे बाहेरची बाजू आत जाते, ग्लोव्ह्ज त्याबरोबरच, बूट धुवायचे, आणि मास्क सगळ्यात शेवटी. मग लगेच आंघोळ, केसांसकट. जेवायला, पाणी प्यायला, फोन घ्यायला मधे उठलात तरी हे सगळं करावं लागतं, म्हणून फोन आधीच घरात ठेवा.

नवीन लावायच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या जी बरेच जण विसरतात. काही घरांत ते पत्रेच चौकटीला आडव्या वाऱ्यात तिरपी होण्यापासून धरून ठेवत होते. सगळ्या बाजू एकदम उघड्या केल्या आणि वारा आला तर घर कलू शकतं. इंजिनिअरला किंवा जाणत्या सुताराला दाखवा, तिरक्या पट्ट्या किंवा प्लायवूड मारायला लागलं तर मारून घ्या. कुजलेलं लाकूड आत्ताच बदला, इन्सुलेशन आत्ताच भरा, ही संधी परत येत नाही.

त्यावर वाफ जाऊ देणारा मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा, खालून वर, वरचा थर खालच्यावर चढवून, आणि हे त्याच संध्याकाळी व्हायला हवं. खिडक्यांभोवती फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या) नीट घाला, पाणी नेहमी तिथूनच शिरतं. मेम्ब्रेनवर उभ्या पट्ट्या मारून क्लॅडिंगच्या मागे साधारण २० मिलिमीटर पोकळी ठेवा, खाली-वर हवा खेळू द्या आणि खालच्या तोंडाला जाळी, नाहीतर उंदीर राहायला येतात. क्लॅडिंगची खालची कड जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर वर. समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचे स्टेनलेसचे खिळे. लाकूड, मेटल, विनाइल, फायबर सिमेंट यातलं काहीही चालेल, पण नवीन फायबर सिमेंट घेणार असाल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नाही याची खात्री करून घ्या, आणि अ‍ॅस्बेस्टॉस नसलं तरी सिलिका असतेच, तिची धूळही फुप्फुस खाते, म्हणून कापायला डस्ट कलेक्शनवाला सॉ किंवा हातकात्री, आणि मास्क इथेही.

लॅबचा रिपोर्ट, कचऱ्याची पावती, आधीचे-नंतरचे फोटो घराच्या कागदपत्रांत ठेवा, विकताना कामाला येतात. आणि कुठल्या भिंतीचं किंवा वळचणीचं अ‍ॅस्बेस्टॉस अजून तसंच आहे ते एका कागदावर लिहून मीटरच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा, पुढचा इलेक्ट्रिशियन ड्रिल काढायच्या आधी तिथेच बघतो.